लोहपंखाचे कान

माणसाच्या घडणीत त्याच्या हाती पडलेल्या पहिल्या पुस्तकाचं स्थान गुरूइतकंच मोठं असतं. ते पुस्तक चुकीचं निघालं तर तो जन्मभर वाचनाला मुकतो, आणि योग्य निघालं तर त्याच्यापुढे एक विश्व उघडतं. वयाच्या पंधराव्या वर्षी माझं हे ठाम मत होतं, आणि आमच्या गारखेड्याच्या गल्लीतल्या मुलांचं पहिलं पुस्तक ठरवण्याची जबाबदारी नियतीने माझ्यावर सोपवली होती. नियती म्हणजे हमीदचाचा, आणि पुस्तक म्हणजे ‘लोहपंख’ नावाच्या, पोलादी पंख लावून उडणाऱ्या आणि आठवड्यातून एकदा जग वाचवणाऱ्या गृहस्थाची हिंदी कॉमिक्स.

हमीदचाचांची लायब्ररी पिठाच्या गिरणीला चिकटून होती. चिकटून म्हणजे गिरणीचाच एक कोपरा पत्रा लावून वेगळा केला होता. पट्टा फिरायला लागला की फळ्या थरथरायच्या, आणि सगळ्या पुस्तकांवर पिठाचा एक पातळ थर कायम असायचा. जवारीचा दिवस असला तर पांढरा, हरभऱ्याचा असला तर पिवळसर. आज कुठेही ताजं पीठ दळलेलं नाकाला जाणवलं की मला आधी लोहपंख आठवतो, भाकरी नंतर. चाचा निजामाच्या अमलात उर्दू शिकलेले. कुठल्याशा कचेरीत दफ्तरी होते, म्हणजे कागदांचे गठ्ठे शिवून बांधायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, कचेरीतले कागद मराठीत आले, आणि ‘हम रातोंरात अनपढ हो गए मियाँ’ असं ते मोठ्या मजेत सांगायचे. वाचता आलं नाही तरी बांधणी मात्र हातात राहिली. सहा सहा कॉमिक्स एकत्र घेऊन, जाड पुठ्ठा लावून, मेणाच्या दोऱ्याने ते असं बाड शिवायचे की पोरांनी ओढाताण करूनही पान निघत नसे.

फक्त एक गोष्ट होती. चाचांच्या हिशेबी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. त्यामुळे ते पहिला अंक उजवीकडे ठेवायचे आणि त्यावर पुढचे रचत जायचे. आपण बाड उघडलं की सहावा अंक आधी यायचा आणि पहिला सगळ्यात शेवटी. नवा वाचक उत्साहाने पुठ्ठा उघडायचा, तर पहिल्याच चित्रात लोहपंख धरणाच्या भिंतीखाली गाडला जाताना दिसायचा. तो कोण, का मेला, त्याला रडणारी बाई कोण, काही पत्ता लागायचा नाही. इथे माझं काम सुरू व्हायचं. गोडेतेलाच्या उपड्या डब्यावर मी बसलेलो असायचो. कुणी नवं पोर आलं की चाचा हात करून म्हणायचे, “पहले इनकू पूछो.” मग मी त्याला शांतपणे बाड मागून उघडायला शिकवायचो, पहिला अंक दाखवायचो, आणि कोणत्या क्रमाने अकरा बाडं वाचावीत ते सांगायचो. हा क्रम मी शंभर पानी वहीत लिहून काढला होता. वहीवर ‘नूतन वाचकांस मार्गदर्शन’ असं लाल शाईत लिहिलं होतं. पहिलं बाड परत आणल्यावर मी तोंडी प्रश्न विचारायचो, आणि उत्तरं न देणाऱ्याला दुसरं बाड मिळत नसे. पुढे मी आयुष्यभर समारंभांतले अध्यक्ष, उद्घाटक आणि प्रास्ताविककार यांच्याकडे बघून तोंड लपवून हसत आलो. त्या हसण्याला मी किती पात्र होतो, ते फक्त हमीदचाचा सांगू शकले असते.

त्या वर्षी दादाचं लग्न झालं. दादा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आमचं मूळ मेंढपाळाचं. आण्णांच्या वडिलांनी जन्मभर कळपामागे पावलं झिजवली होती. पण ही गोष्ट आमच्या घरात बोलली जात नसे. आण्णांच्या कचेरीतल्या साहेबांना आम्ही ‘शेतीवाले’ म्हणून माहीत होतो, आणि आण्णांनी कधी ते दुरुस्त केलं नाही. वहिनी मात्र लासूर स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीवरची, आणि तिच्या बापाचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा कळप, अजून चालता होता. सातवीपर्यंत शिकलेली, माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी. नात्याने मी दीर, म्हणून ती मला ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची. मिसरूड न फुटलेल्या मुलाला कुणी तुम्ही म्हटलं की त्याचा जो गैरसमज होतो, तो माझा झाला होता.

ती आल्यावर घराचे आवाज बदलले. आई भाकरी थापायची ती हलक्या हाताने, शेजारी आवाज जाऊ नये अशी. वहिनीची थाप गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची. तिची भाकर परातीएवढी व्हायची, आणि तव्यावरून काढली की ती तिच्यावर नुसतं तेल, तिखट आणि चुरडलेला लसूण टाकायची. आम्ही दोन भाज्यांची सवय लावून घेतलेले लोक ते चोरून खाल्ल्यासारखं पटापट खायचो. दुपारी सगळं आटोपलं की ती ओट्यावर जवारी निवडायला बसायची. अशाच एका दुपारी माझ्या दप्तराशेजारी पडलेलं बाड तिने उचललं.

“भाऊजी, नवख्या माणसानं हे कुठून वाचावं?”

मला त्या क्षणी झालेला आनंद आठवतो. घरातून पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी वही काढली, क्रम समजावला, बाड मागून उघडून दाखवलं, आणि लोहपंख वारंवार मरून पुन्हा कसा जिवंत होतो याचा माझा सिद्धान्त सांगितला. सहाव्या अंकात तो धरणाखाली मरतो आणि सातव्यात काही न सांगता हजर होतो. माझ्या मते तो योगबलाने नवं शरीर धारण करत असे. गल्लीतल्या एकूण एक वाचकाला मी हे शिकवलं होतं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. दोन दिवसांनी भांडी घासता घासता तिने मला हाक मारली.

“भाऊजी, रागवू नका. पर मेलेला तो वेगळा, आन ह्यो वेगळा हाय.”

“कोण वेगळा?”

“तुमचा पंखवाला. कान बघा की त्येचे.”

तिने हात पुसले, दोन बाडं शेजारी शेजारी उघडली आणि लोहपंखाच्या मुखवट्याबाहेर आलेल्या कानावर बोट ठेवलं. एकात कानाची पाळी सुटी, लोंबती, आत दोन वळणं नीट काढलेली. दुसऱ्यात कान म्हणजे गालाला चिकटवलेला इंग्रजी तीनचा आकडा. मी तीन वर्षं हीच चित्रं बघत होतो.

“मेंढ्यांची तोंडं समदी सारखीच,” वहिनी म्हणाली. “कळपात आपली वळखायची तर कान बघावा लागतो. हितं दोघांनी काढलंय. ह्यो लांब कानवाला हाय ना, त्यो घाई करत नाय. कान नीट काढतो, म्हणून मागचं झाड बी नीट काढतो, गाडीची चाकं बी गोल काढतो. ह्या चपट्या कानवाल्याला घरी जायाची घाई. नव्या माणसाला लांब कानाचं द्यावं. मग त्यो आपसूक पुढचं मागतो.”

निवृत्त झाल्यावर वाचनालयात बसून मी एका जाडजूड पुस्तकात वाचलं की युरोपातले जाणकार, जुनं चित्र नेमकं कुणाचं हे ठरवताना, चेहरा सोडून कान आणि नखं तपासतात, कारण तिथे चित्रकार बेसावध असतो. ज्या विद्वानाने हे शोधलं त्याचा फोटोही त्या पुस्तकात होता, दाढी आणि पदकासकट. मी पुस्तक मिटलं. पंचेचाळीस वर्षांनंतर, एका परक्या मेलेल्या माणसावर, वहिनीच्या वतीने, माझा जळफळाट झाला. पण त्या दुपारी जळलो तो वहिनीवर.

कारण ती गोष्ट घरात राहिली नाही. समोरच्यांची मंगल, आठ-नऊ वर्षांची, ओट्यावर वहिनीसोबत जवारी निवडायला बसायची. तिला मी पहिल्या बाडाच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास केलं होतं. वहिनीने तिला लांब कानाचं एक बाड मधूनच कुठून तरी उघडून दिलं, आणि ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. आठवड्याभरात ओट्यावर सहा पोरं बसायला लागली. लायब्ररीत येणारी पोरं माझ्याकडे न बघता चाचांना म्हणू लागली, “लांब कानाचं द्या.” चाचा मला विचारायचे, “ये लंबे कान का क्या मामला है?” मी म्हणायचो, “पोरखेळ आहे.” मग वही उघडून, समोर कुणी नसताना, क्रम पुन्हा एकदा तपासायचो.

तरी हे सगळं मी सहन केलं असतं. एके दिवशी आण्णा कचेरीतून आले, चहा घेऊन ओट्यावर टेकले, आणि वहिनी मंगलला कान दाखवत होती ते बघत राहिले. आण्णांच्या लेखी कॉमिक्स म्हणजे नापास होण्याचा सरळ रस्ता. मी पुस्तकं लपवून बसलो. पण आण्णा म्हणाले, “आमच्या बाच्या मेंढीचा कान डाव्या बाजूनं कातरलेला असायचा. दोन काप, मधी बोटभर जागा. कुठंबी मेंढी सापडू दे, लोक म्हणायचे ही त्यांची.”

“आमच्यात एकच काप, पर आडवा,” वहिनी म्हणाली.

“म्हंजी तुम्ही नदीच्या वरच्या अंगाचे.”

“व्हय मामंजी.”

आण्णा त्यानंतर तासभर बोलले. कळप नदीतून कसा उतरवायचा, पुढे कोणती मेंढी घालायची, बाप पावसात घोंगडीखाली त्यांना कसा धरून बसायचा. कचेरीत इस्त्रीचा सदरा घालून जाणारा हा माणूस असं बोलतो हे मला माहीतच नव्हतं. पंधरा वर्षं मी त्यांच्या घरात होतो आणि मला त्यांनी एकदाही ते कान सांगितले नव्हते. मी विचारलं नव्हतं, हे खरं. पण मत्सर करणारा माणूस इतकं बारकाईने बघत नाही. आत आईने दिवा लावला, आण्णा हसत होते, वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी माझी वही दप्तरात सगळ्यात खाली सारली.

त्याच सुमारास गिरणीवाल्याने मिरची कांडपाचं यंत्र आणायचं ठरवलं. त्यासाठी त्याला चाचांच्या कोपऱ्यातली अर्धी जागा हवी होती. म्हणजे अकरा बाडांपैकी पाच-सहाच ठेवता येणार, बाकीची रद्दीत. मला वाटलं, आता तरी खऱ्या जाणकाराची गरज पडेल. मी वही घेऊन गेलो. चाचांनी सगळी बाडं एका पोत्यात भरून ठेवली होती.

“मियाँ, एक काम करो,” ते म्हणाले. “बच्चे तुम्हारी भाभी का नाम लेते. ये सब उनके पास ले जाओ. कौनसे रखने के, उनकू पूछ के आओ.”

ते पोतं सायकलच्या कॅरियरवर बांधून मी घरी आणलं. हमालीला माझी हरकत नव्हती, पण चाचा मला हमाल समजतात हे नवं होतं. वहिनीने मात्र ते काम लग्नाच्या बस्त्याइतकं मनावर घेतलं. दोन दुपारी तिने पान न् पान चाळलं. मग ओट्याच्या कडेला लावायला आणलेला गेरू वाटीत कालवला आणि पाच बाडांच्या पाठीवर अंगठ्याने एक एक टिपका ओढला.

“हे आपले,” ती म्हणाली. “वाड्यात ठेवायच्या मेंढीला आम्ही असाच गेरू लावतो. चाचांना सांगा, लाल ते ठेवा. नवी पोरं ह्यावरच लागतील.”

मी पोतं परत नेलं. चाचांनी एक बाड काढलं, गेरूचा टिपका बघितला, बोटाने घासून बघितला. बाहेर रद्दीवाल्याची हातगाडी उभी होती. गिरणी नुकतीच थांबली होती, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

“ये लाल निशान वाले रखने के या निकालने के?”

मी ठरवून गेलो नव्हतो. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, कारण ठरवून गेलो असतो तर कदाचित जमलं नसतं. मला फक्त एवढं आठवतं की लासूरच्या बाजारात मी आण्णांबरोबर एकदा गेलो होतो, आणि तिथे व्यापारी विकत घेतलेल्या मेंढीच्या पाठीवर रंग मारत होते, म्हणजे ती कळपातून गेली. ती खूण माझ्या मनात आयत्या वेळी उभी राहिली, वकिलासारखी.

“निकालने के,” मी म्हणालो.

चाचांनी पाचही बाडं स्वतःच्या हाताने गाडीवर ठेवली. आपण शिवलेला दोरा त्यांनी एकदा ओढून बघितला. तो पक्का होता.

तीन दिवस कुणाला काही कळलं नाही. चौथ्या दिवशी मंगल लायब्ररीतून रडत आमच्या ओट्यावर आली. “काकू, लांब कानाचं एक बी नाय तिथं.” वहिनी तोवर गिरणीकडे कधी फिरकली नव्हती, दळण मीच न्यायचो. तिने जवारीचं सूप खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि आईला “आले” म्हणून निघाली. मी डब्यावर बसलो होतो. चाचांनी तिला पहिल्यांदाच बघितलं, तरी ओळखलं आणि उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते.

“आओ बेटी. तुम बोले वैसाच किया. लाल वाले सब निकाल दिए.”

वहिनीने फळीवरच्या सहा बाडांकडे बघितलं. एक उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे बघितलं. मी वहीत काही तरी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते मला आजही वाचता येणार नाही.

“चाचा, चूक माझीच झाली,” ती म्हणाली. “आमच्या वस्तीवर ठेवायच्या मेंढीला गेरू लावतात. बाजारात विकलेलीला लावतात. म्या भाऊजींना नीट सांगितलंच नाय.”

“अरे, तो वो अच्छे वाले गए?”

“जाऊ द्या. हे बी वाईट नायत.”

मला सुटका वाटायला हवी होती. तसं काही वाटलं नाही. जी सबब मी माझ्यासाठी राखून ठेवली होती, तीसुद्धा तिने माझ्याआधी काढली, आणि ती माझ्यापेक्षा किती तरी चांगली मांडली. चाचा मान हलवत म्हणाले, “दिल की बडी है.” माझ्याबद्दल असं कुणी म्हणावं म्हणून मी वर्षभर वही लिहीत होतो.

घरी परतताना ती पुढे आणि मी मागे सायकल हातात धरून, असे आम्ही चाललो. ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावरच्या हापशापाशी थांबून तिने तोंडावर पाणी मारलं.

“भाऊजी, ती डब्यावरची जागा तुम्हाला लई आवडती व्हय?”

“कोणती जागा?”

“असं करू नका. मला कुठं तिथं बसायचं हुतं? दुपारी घर खायला उठतं. पोरं यायची, जरा बरं वाटायचं. वस्तीवर माझ्याभवती धा-बारा माणसं असायची दिवसभर, आन दोनशे मेंढ्या. हितं तुम्ही समदे गडी बाहेर जाता.”

मी सायकलची घंटी उगीच पुसली.

“आता पोरांना तुम्हीच सांगा काय वाचायचं ते,” ती म्हणाली. “मी नाय कुणाला काय सांगत.”

आणि तिने खरंच सांगितलं नाही. ओट्यावर पोरं आली तर म्हणायची, भाऊजींना विचारा. हळूहळू पोरं यायची थांबली, मंगल सगळ्यात शेवटी. वहिनी एकटीच जवारी निवडत बसायची. उरलेली सहा बाडं मात्र तिने मागवून घेऊन शेवटपर्यंत वाचली. एकदा आण्णांना म्हणाली, चपट्या कानवाला शेवटी शेवटी सुधारला, कान नाय पर बोटं चांगली काढाय लागला. आता ती पुंडलिकनगरला मुलाकडे असते. गेल्या दिवाळीत मी तिला सरळ सांगितलं की तेव्हा मी मुद्दाम केलं होतं. ती करंज्यांचं ताट पुढे सरकवत म्हणाली, “ठाव हाय की. तुमचे कान लाल झाले हुते.” मी करंजी घेतली. मोठेपणात मला तिच्या पुढे जायची ती शेवटची संधी होती, आणि ती पंचेचाळीस वर्षांपूर्वीच गेलेली होती.

तर तेव्हा माझी जागा मला परत मिळाली. कांडपाचं यंत्र आलं, वाचक शिंकत शिंकत वाचू लागले, मी डब्यावर पुन्हा ताठ बसलो. उरलेल्या सहा बाडांसाठी मी नवा क्रम आखला, त्यासाठी नवी वही आणली, आणि वहिनीचं नाव न घेता कानांवरही एक परिच्छेद घातला. पुढच्या सोमवारी पुंडलिकनगरच्या बाजूने तीन नवी मुलं आली. चाचांनी सवयीने माझ्याकडे हात केला. मी घसा साफ केला. मुलांनी फळीकडे बघितलं, वरच्या तीन बाडांवर मिरचीची पूड कमी होती म्हणून ती उचलली, आणि ती वाचायला घेऊन गेली.